वाळूतली खुंटी

जानेवारीतली दुपार. अकोले तालुक्यातल्या कोतुळच्या वरच्या अंगाला मुळा नदीचं पात्र आटत आलेलं, मधोमध घोटाभर पाण्याची धार आणि दोन्हीकडे वाळू. त्या वाळूत टेंटची एक खुंटी तिरकी उभी होती. वीतभर लांब, ॲल्युमिनियमची, लाल रंग अर्धा उडालेला, वरच्या खाचेत नायलॉनच्या दोरीचं तुटकं टोक गाठीसकट तसंच. शेजारी टेंटएवढा चौकोन हातानं सारखा केलेला, त्यातले गोटे वेचून कडेला लावलेले. जागा देखणी होती. पाण्याला लागून, ऊन पडणारी, समोर डोंगराची पूर्ण रांग. आणि खुंटीपासून हातभर अंतरावर शेरणीच्या झुडपात, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला, वाळलं गवत, भाताचा पेंढा, प्लास्टिकच्या पिशवीची चिंधी आणि एका चपलेचा पट्टा अडकलेला. सगळं एकाच दिशेला, फणीनं विंचरल्यासारखं. चाळीसएक पावलांवर, काठ चढून गेलं की करंजाखाली तीन दगडांची चूल होती. दगड आतून काळेकुट्ट, बाहेरून शेवाळलेले, बसायच्या जागेची माती पायांनी घोटून गुळगुळीत झालेली. वर्षानुवर्षं गुरं-मेंढरं राखणारी माणसं तिथं थांबत असणार.

वाळूत झोपलेल्याला त्या रात्री काही झालं नसणार. जानेवारीत नदी चढत नाही. तरीही ती खुंटी डोक्यातून जात नाही.

कारण चुकीची जागा बहुतेक वेळा अशीच सहीसलामत सोडून देते, आणि माणूस तीच सवय घेऊन पुढच्या नदीवर जातो. जंगलात, नदीकाठी फुकट मुक्कामाची जागा शोधताना आपण मोकळी जमीन शोधतो. पण सह्याद्रीत बिनवापराची जमीन जवळपास नसतेच. आज रात्री तिथं कुणी नाही, एवढंच. त्या जागेवर कुणाचा ना कुणाचा वावर असतो. पावसाळ्यात पाण्याचा, सकाळी हंडे घेऊन येणाऱ्या बायांचा, दुपारी गुरांचा, रात्री डुकरांचा. प्रत्येकानं आपली खूण ठेवलेली असते. ती वाचता आली की जागा शोधावी लागत नाही, ती दाखवली जाते.

सुरुवात घरी, नकाशावर होते. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्यावा. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरची उंची. नदीची निळी रेघ आणि तिच्या पहिल्या समोच्च रेषेत जिथं रुंद पांढरी जागा दिसते, तिथं काठावर सपाटी असण्याची शक्यता. शक्यताच, कारण त्या २० मीटरच्या पोटात काय दडलंय ते नकाशा सांगत नाही. आठ मीटरची उभी दरड असेल, दरवर्षी बुडणारी मळई असेल. मग उपग्रहाचं चित्र पाहायचं, आणि त्यावरची तारीखही पाहायची. ऑक्टोबरमधली हिरवी कुरणं मार्चमध्ये करपलेली असतात आणि चित्रातला ओढा एप्रिलमध्ये दगडांची रांग होऊन बसतो. तिसरी गोष्ट बहुतेक जण पाहतच नाहीत: आपल्या जागेच्या वर, नदीच्या उगमाकडे, धरण, बंधारा किंवा वीजघर आहे का. आणि चौथी, जंगलाची हद्द. नुसतं 'जंगल' असं काही नसतं. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय शिरताही येत नाही, मुक्काम तर दूरच, आणि राखीव वनात १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू असतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, राधानगरी अशी आपली आवडती खोरी यातच येतात. तिथं गुपचूप टेंट ठोकून पहाटे उठून जाणं याला भटकंती म्हणायला माझं मन घेत नाही. वनरक्षकाला भेटून विचारलं तर तो बहुतेकदा हद्दीबाहेरची गावालगतची जागा स्वतःहून सांगतो.

विचारण्याची एक रीत आहे. 'इथं टेंट लावू का?' असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि बहुतेक वेळा माणसं भिडेखातर हो म्हणतात. 'दादा, मुक्काम करायचाय, कुठं केला तर बरं पडंल?' असं विचारलं की समोरचा माणूस विचार करायला लागतो. मग कळतं की नदीकाठच्या शेताला रानडुकरांसाठी रात्री तारेत करंट सोडतात. हे बेकायदा आहे, पण उभ्या पिकाच्या दिवसांत होतं, आणि अंधारात लघवीला उठलेल्या माणसाला ती तार दिसत नाही. कळतं की पलीकडच्या आंब्यावर आग्या मोहोळ आहे, वरच्या वाडीत दोन दिवसांपूर्वी बिबट्यानं शेळी उचलली, देवराईत कुणी झोपत नाही, आणि मारुतीच्या देवळाची ओसरी रिकामी आहे. पाड्यावरची म्हातारी माणसं, गुराखी, धनगर यांना आधी विचारावं, मग पोलीस पाटलाला आपलं नाव आणि किती जण आहोत ते सांगून ठेवावं. गायरान असेल तर गावाला, मालकीचं रान असेल तर मालकाला. कापणी झालेलं भातखाचर नोव्हेंबरनंतर झोपायला फार चांगलं, सपाट आणि मऊ, फक्त बांध उकरायचा नाही. जागेचे पैसे कुणी घेत नाही. म्हणून एका वेळचं जेवण त्यांच्या घरी सांगावं, आणि त्याचे पैसे मात्र न विचारता, व्यवस्थित द्यावेत.

जागेवर पोचायचं ते चारच्या आत. घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या खोऱ्यांत पंचांगातला सूर्यास्त सव्वासहाचा असला तरी ऊन पाचलाच डोंगराआड जातं, आणि उजेडाशिवाय काठ वाचता येत नाही. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त ओढ याच कामाची आहे, काठ वाचण्याची. पाण्याकडे पाठ करून सावकाश वर चढायचं आणि खुणा गोळा करायच्या. पहिली खूण अडकलेला कचरा. त्याची सगळ्यात वरची पातळी शोधायची, पहिली दिसली ती नव्हे. दुसरी खूण झाडांची. शेरणी आणि वाळुंज जिथं आहेत तिथं दरवर्षी पुराचं पाणी खेळतं; पुरात वाकून पुन्हा उभं राहण्याचीच त्यांची घडण आहे. त्यांच्या फांद्या प्रवाहाच्या दिशेला झुकलेल्या असतात, बुंध्याच्या उगमाकडच्या बाजूची साल गोट्यांनी सोललेली असते. जुना, सरळ बुंध्याचा आंबा किंवा हिरडा, ज्याच्या मुळांवर वाळू चढलेली नाही, तो दिसला की आपण पाण्याच्या हद्दीबाहेर आलो. तिसरी खूण कातळाची. जिथवर पाणी घासतं तिथवर दगड उजळ आणि गुळगुळीत, त्याच्या वर काळपट, दगडफुलानं भरलेला. ही रंगाची सीमा बहुतेक ठिकाणी इतकी स्पष्ट असते की खडूनं आखल्यासारखी वाटावी. पाटबंधारे खातं मोठ्या नद्यांना निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतं. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. वरच्या खोऱ्यातल्या लहान नद्यांना अशा रेषा सहसा नसतात. तिथं शेरणीतला पेंढा हीच रेषा.

हिवाळ्यात पात्रात झोपून माणूस निभावतो, पण एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये मुळीच नाही. वळवाचा पाऊस चार कोसांवर पडतो, आपल्या डोक्यावर चांदणं असतं आणि पाणी रात्री येतं. येण्याआधी ते सांगतं, पण जागं असणाऱ्याला. धार अचानक गढूळ होते, पानं-काटक्या तरंगत येतात, ओल्या मातीचा वास यायला लागतो, आणि दगडावर दगड आपटल्याचा खोल आवाज. यातलं एक जरी जाणवलं तरी सामान न आवरता काठ चढायचा. नदीतलं बेट तर कधीच नाही, कारण चढत्या पाण्यात तिथून उठून जायला काठच उरत नाही. आणि धरणाखालच्या नद्यांना ऋतू नसतो. कुंडलिकेचंच पाहा. मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत येतं, कोलाडचं राफ्टिंग सकाळी सुटणाऱ्या त्याच पाण्यावर चालतं. रात्री तिथं कोरडे असणारे दगड सकाळी पाण्याखाली असतात, भर मे महिन्यात, निरभ्र आकाशाखाली. विजेची गरज कधी वाढेल हे नदीकाठच्या खुणा सांगत नाहीत. अशा नदीवर गावातल्या माणसाचा शब्दच प्रमाण.

पुराच्या खुणेच्या वर आलं म्हणजे जागा सापडली असं नाही. पाण्यापासून ६० मीटर, म्हणजे साधारण ऐंशी पावलं दूर सरकावं. याची कारणं तीन आहेत. पाणवठ्यावर रात्री जनावरं येतात. आपण वाटेत असलो तर ती तहानलेली परत जातात, किंवा गव्यासारखं जनावर बिचकून कुठंही धावतं. पहाटे गावातल्या बाया पाण्याला, धुण्याला येतात, आणि त्यांच्या घाटाशी अनोळखी पुरुषांचे टेंट असले की त्यांना तो दिवस अवघड जातो. आणि तिसरं कारण थंडीचं. रात्री गार हवा पाण्यासारखीच उतारावरून खाली वाहते आणि पात्रात साठते. काठापासून १०-१५ मीटर उंचीवर गेलं तरी फरक अंगाला कळतो. खाली टेंटच्या आतून दव ठिबकत असतं, झोपायची पिशवी पायाकडून ओली होते. वर तेच कापड पहाटे कोरडं. ती करंजाखालची चूल नेमकी अशाच उंचीवर होती. तिथं बसणाऱ्यांकडे टेंट नव्हते, म्हणून त्यांना ही गोष्ट आधी कळलेली.

मग मान वर करायची. वाळलेली जाड फांदी, विशेषतः सावर किंवा शिरीषाची, वारा नसतानाही पडते. मोठ्या फांद्यांखाली किंवा कड्याच्या पोटात काळपट अर्धगोल लोंबताना दिसले की ते आग्या मोहोळ. तिथं धूर नाही, अत्तर-डिओ नाही, आवाज नाही, आणि मुक्काम तर नाहीच. कड्याच्या पायथ्याशी पडलेल्या दगडांचे ताजे, करडे तुटके भाग दिसले तर वरून अजून दगड येताहेत. माकडंही पाडतात. मान खाली करायची ती यानंतर. वारूळ, दगडांचे ढीग, मोडका गडगा यांपासून दूर, कारण फुरसं आणि विंचू तिथंच दबा धरून असतात. जमिनीत बोटभर रुंदीची खेकड्यांची बिळं आणि शेजारी मातीच्या गोळ्या दिसल्या की ती जागा पाणथळ. मुंगळ्यांची रांग कुठून कुठं जाते ते पाहायचं आणि तिला वाट द्यायची. जमीन ताजी उकरलेली, नांगरल्यासारखी असेल तर तिथं डुकरं जेवायला येतात.

जागा ठरली तरी टेंट लगेच उघडायचा नाही. रिकाम्या जमिनीवर पाच मिनिटं पाठ टेकून पडायचं. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन पाठीला उतरती लागते, आणि डोकं कुठं करायचं हे तिथंच ठरतं: चढाच्या बाजूला. दोन माणसांच्या टेंटला सव्वादोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद जागा पुरते. त्यातले खडे हातानं वेचायचे, जमीन खणून सारखी करायची नाही आणि भोवती चरही काढायचा नाही. चर काढावा लागणारी जागा मुळातच चुकीची. काळ्या मातीत खुंटी टेंटपासून बाहेरच्या दिशेला कललेली ठोकावी. कातळावर खुंटी जातच नाही, तिथं दोरी लांब दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा जड दगड ठेवावा. वाळूत खुंटी उभी धरत नाही. दोरी तिच्या मधोमध बांधून ती फूटभर खोल आडवी पुरायची आणि वर वाळू तुडवून घट्ट करायची. मुळेतली खुंटी उभीच ठोकलेली होती. वारा सुटला असता तर त्या माणसाला रात्री हेही कळलं असतं.

टेंटची चेन मात्र कायम बंद. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि दंश इतका बारीक की कित्येकदा जाग येत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या जड होतात. बूट आत घ्यायचे, सकाळी झटकून घालायचे. कोकणातल्या लाल विंचवानं कधीकाळी किती लहान मुलं नेली, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपचार रुजवला तेव्हा ते मृत्यू कसे कमी झाले, हे तिकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. पण ती गोळीसुद्धा दवाखान्यात पोचल्यावरच. म्हणून निघतानाच सगळ्यात जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, तिथवर किती तास लागतात आणि १०८ ला फोन लावायला रेंज कोणत्या टेकाडावर येते, हे माहीत करून घ्यायचं. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरीकडे डिसेंबर ते मे या काळात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते, माकडतापाची. हा आजार गोचिडीतून येतो. मेलेलं माकड दिसलं तर तिथून निघायचं आणि आरोग्य केंद्रात कळवायचं. पालापाचोळ्यावर बसायचं नाही, पायमोज्यात पँट खोचायची.

आगीबद्दल मी कडक आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत जंगलात किंवा जंगलाच्या कडेला उघडी आग नको, गॅसचा छोटा स्टोव्ह पुरतो. अर्ध्या तासाच्या शेकोटीसाठी अख्खा डोंगर जळालेला पाहिला की तो काळा रंग पुढची कित्येक वर्षं डोळ्यांतून जात नाही. जिथं गावानं परवानगी दिलीय आणि जुनी चूल आहे, तिथं तीच वापरावी, नवी मांडू नये. नदीतला ओला गोटा चुलीला लावायचा नाही. आतलं पाणी तापून तो फुटतो आणि कपच्या तोंडाशी उडतात. राख थंड झाली की नाही हे डोळ्यांनी नाही, तळहातानं ठरवायचं. दोन माणसांना संध्याकाळ ते सकाळ स्वयंपाकासकट सहा-सात लिटर पाणी लागतं. वाहत्या धारेचं घ्यायचं, कपड्यातून गाळायचं आणि खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट ठेवायचं. डोहावर हिरवट तवंग असेल तर ते उकळूनही प्यायचं नाही. संडासाला पाण्यापासून तेवढंच ६० मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, वर माती. सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, मातीच दोन बोटं असते, तिथं खड्डा होत नाही, म्हणून तिथं मुक्कामही करू नये. शिवाय त्या दोन बोटं मातीत पावसाळ्यानंतर जी रोपं उगवतात ती टेंटच्या एका रात्रीखाली दबली की त्या हंगामात उठत नाहीत.

अशा जागा कमी होत चालल्या आहेत आणि त्याबद्दल मनात एकच एक भावना नाही. पवनेच्या काठावर, भंडारदऱ्याला, शनिवारी टेंटच्या रांगा लागतात. माणशी पैसे, त्यात बार्बेक्यू, गाणी. पूर्वी तिथं नुसती रात्र असायची, आणि ती आठवली की वाईट वाटतं. पण त्या टेंटांच्या मागे उभी असलेली कितीतरी माणसं अशा घरांतली आहेत ज्यांची भाताची रानं त्याच पाण्याखाली गेली. त्यांनी आपल्या उरलेल्या काठावर चार पैसे मिळवले तर त्यात माझं काय गेलं? तिथं पैसे देऊनच राहावं. फुकट जागा शोधायची ती जिथं ती खरोखर कुणाची भाकर नाही अशा ठिकाणी, आणि सापडली तर तिचं लोकेशन सगळ्यांना पाठवायचं नाही. एका टेंटचं गवत आठवड्यात उठतं. चाळीस टेंटांच्या जागी पुढच्या पावसात मातीच वाहून जाते.

निघताना जागेकडे एकदा मागे वळून, उकिडवं बसून पाहायचं. उभ्यानं दिसत नाही ते बसून दिसतं: बिस्किटाच्या पुड्याचा कोपरा, दोरीचा धागा, काडेपेटीतली काडी. वेचलेले खडे परत पसरायचे. चूल जुनी असेल तर तिच्यात काटक्यांची एक जुडी ठेवून जायचं, पुढच्या माणसासाठी. हे धनगरांकडून शिकण्यासारखं आहे.

मुळेतली ती खुंटी उपटायला जोर लागला नाही. दोन बोटांनी निघाली. तिच्या जागी ओल्या वाळूत अंगठ्याएवढं भोक राहिलं, आणि पाहता पाहता ते खालून पाण्यानं भरलं.